तुरट

डार्लीन म्हणते, आधी बूट दाखव.
मी एकेक पाय मागं दुमडते, नाल ठोकायच्या घोड्यासारखा.
ती बादलीत ब्रश बुडवून
तळव्याच्या खाचेखाचेतला चिखल काढते,
वर काहीतरी झोंबरं फवारते.
खालच्या दरीतल्या झाडांना रोग आहे.
खोडातून काळं पाणी गळतं, चिघळल्यासारखं,
आणि तो रोग पावसानं येतो, वाऱ्यानं येतो,
आणि बुटांनी.

मला हसू येतं. का, ते तिला सांगत नाही.
कुणाच्या पायाकडं इतकं निरखून बघणारं माणूस
आप्पांच्या खालोखाल मला हेच भेटलंय.

ऑर्लिन्स म्हणजे एक पोस्ट, एक शाळा,
मी नर्स आहे तो दवाखाना,
आणि क्लॅमथ नदी.
बाकी सगळं डोंगर चढत गेलेलं हिरवं,
हिवाळ्यातही न झडणारं.
त्यातला टॅनओक मी डोळ्यांनी नाही, नाकानं ओळखला.
ओली साल नखानं खरवडली
आणि थेट कोल्हापूर:
बाभळीच्या सालीचा हौद, हिरड्याची पूड,
त्यात बुडवून ठेवलेली कातडी,
आणि तो वास, ज्याच्यापायी
शाळेत माझ्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही.

हे मात्र तिला सांगितलं.
ती म्हणाली, हो, चामड्यासाठीच आले होते ते.
झाडं उभीच्या उभी सोलली,
सालीच्या मोळ्या जहाजात चढवल्या,
लाकूड टाकून दिलं तिथंच.
आणि फळं?
"फळं आम्ही खायचो," एवढंच म्हणाली
आणि टोपली माझ्या हातात दिली.

पहिली पडतात ती किडकी, ती पडू द्यायची.
थंडी धरली की दुसरी खेप,
तेव्हा वाकायचं.
पाण्यात टाकून बघायचं, तरंगेल ते फेकायचं.
केसाळ टोपीतलं हे एवढंसं फळ
दोन वर्षं घेतं फांदीवर पिकायला,
आणि आपल्याला संध्याकाळपर्यंत भाकरी हवी असते.

फोडायचं, वाळवायचं, आतलं साल पाखडायचं, दळायचं.
मग तिच्या अंगणात वाळूचा खळगा, त्यात पीठ,
पिठावर पाणी, पण देवदाराची डहाळी आडवी धरून,
म्हणजे धार पिठाला लागत नाही.
दर वेळी बोट बुडवून जिभेला.
तुरट.
पुन्हा पाणी.
तुरट.
पुन्हा. दुपार कलली. तुरट, पण लांबून,
शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसं.
मग काहीच नाही.

वाळूतून निथळलेलं पाणी
कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं.
मी तिथंच बसून राहिले.
हे पाणी सांडून यांची पोटं भरली,
आणि असल्याच पाण्यात हात घालून आमची.
आप्पांची नखं अजून त्या रंगाची आहेत.

रात्री फोनवर त्यांना सगळं सांगितलं.
पहिला प्रश्न: साल किती जाड?
म्हटलं, आप्पा, सोलत नाही आहोत, लावतोय.
दुधाच्या रिकाम्या खोक्यांत चाळीस बिया,
उंदरांसाठी वर जाळी.
आधी मूळ जातं खाली, कितीतरी आठवडे, वर काही दिसत नाही.
मग पान, कोवळं, खालून लोकरी,
वासराच्या कानासारखं.
तिकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मग तुला फळ नाही मिळायचं," ते म्हणाले.
मग जरा थांबून, "त्या बाईचं पायताणाचं माप पाठव."

मी माप पाठवलं नाही अजून.
कसं सांगू, कातड्याचा तळ
त्या बादलीत धुऊन निघत नाही,
त्यांनी शिवलेली माझी जोडी
जंगलाच्या वेशीवर, गाडीत, सीटखाली असते,
आणि उतरताना मीच ओशाळून
तिच्यावर रुमाल टाकते.